गोदामाच्या भिंतीचं शेवटचं भोक

जवळ सरका, आणि मध्येच "मग काय झालं?" विचारायचं नाही. हा गवंडी माझ्या रोजच्या बसण्याउठण्यातला. थापा मारणारा नव्हे. भिंतीवर थापायचं तेवढंच त्याला ठाऊक.

लष्कराने मुलूख ताब्यात घेतला, तेव्हा धान्याच्या गोदामात माणसं मेली. लष्कर म्हणे, आतून गोळीबार झाला. गाव म्हणे, छे, बिचारे लपून बसले होते. त्यांतला एक गवंड्याचा धाकटा भाऊ, त्याच्याच हाताखाली काम करणारा. रविवारी चौकशीवाले येणार होते. पोरगा बंदूकवाला ठरला, तर प्रेत घरी मिळणार नव्हतं. आई दार उघडं टाकून बसलेली.

शनिवारी संध्याकाळी लष्कराच्या सुभेदाराने नेमकं गवंड्यालाच बोलावलं. "सकाळपर्यंत आतली भिंत गुळगुळीत पाहिजे. नाहीतर तुझ्या म्हातारीलाही उचलू."

गवंडी गेला. रडू येईना, राग येईना. हात तेवढे चालत होते. कंदील ठेवला, चुना-वाळूचा माल कालवला, गोळ्यांची भोकं बुजवायला घेतली. सगळी कमरेच्या खाली, बसलेल्या माणसाच्या उंचीची. त्याने ते पाहिलं आणि थापी चालवली.

मध्यरात्र उलटली. त्याची सवय कशी, भिंतीवरची नजर काढायची नाही. हात मागे करायचा आणि ओरडायचं. तसाच तो ओरडला, "माल दे रे!"

घमेलं हातात आलं.

त्याने लिंपलं. पुन्हा हात मागे. पुन्हा घमेलं. असं किती वेळा झालं कोण जाणे... आणि मग त्याच्या ध्यानात आलं.

आज तो एकटाच आला होता.

मागे वळला नाही. कसा वळेल? कोपऱ्यातलं एकच भोक उरलं होतं.

"माल दे, बाळा."

काही नाही...

"दे ना रे. आईला उचलतील."

काहीच नाही...

मग मनगटावर हात पडला. गार. धरून ठेवलं त्याने. उजाडेपर्यंत.

चौकशीवाले आले. त्यांच्यातला एक म्हातारा त्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला. भोक बरोबर त्याच्या छातीमागे आलं. "बसलेल्या माणसावर झाडलीय," तो म्हणाला. चौकशीवाले गावातच मुक्कामाला राहिले, म्हणून म्हातारीला कुणी हात लावला नाही.

दोन दिवसांनी प्रेत घरी आलं. बर्फात ठेवून लाकूड झालेलं. आईने अंघोळ घालायला हात हातात घेतला, आणि थोरल्याला हाक मारली.

"अरे, हा कुठून काम करून आलाय?"

बोटांना माल लागला होता. ओला.