ग्लासवरचं कोस्टर

ती टेबलापाशी बसून होती आणि कुणी फिरकतच नव्हतं. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता. आत ब्रिटिश पद्धतीचा पब, म्हणजे काळपट लाकूड, पितळी नळ आणि डोक्याला लागेल असं बुटकं छत. पोटात कावळे कोकलत होते.

"अहो, उपोषणाला बसलात का?" शेजारच्या टेबलावरून एकाने विचारलं.

"कुणी मेनू आणून देईल तर ना—"

"इथे कुणी येत नसतं. काउंटरवर जाऊन सांगायचं. साहेबी थाट आहे हा... सगळं आपलं आपण!"

ती ओशाळली. उठून सूप सांगितलं, स्वतःच घेऊन आली आणि बाऊल टेकवताच टेबल असं डुगडुगलं, की निम्मं सूप टेबलावर. तो हसला नाही. कागदी रुमालाची घडी घातली, तिचा एक कोपरा आत दुमडला, आणि खाली वाकून ती टेबलाच्या पायाखाली सरकवली.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. ती कृत्रिम दात बनवणाऱ्या लॅबमध्ये होती. हे कळल्यावर स्वारीला फारच चेव आला.

"म्हणजे हे हसू तुमचंच... की लॅबमधलं?"

"आधी हसवा तर खरं. मग तपासा."

त्या दिवसापासून रविवारची दुपार त्या टेबलाची झाली. अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंही नाही. तळलेला मासा, चिप्स, उकडलेले मटार आणि त्याच्या गप्पा. कागदी रुमाल दबून जायचा, पुडिंग येईपर्यंत टेबल पुन्हा डुगडुगायला लागायचं. आणि नेमका घास तोंडाशी असताना त्याचा फोन वाजायचा. कुठेतरी कुणीतरी लिफ्टमध्ये अडकलेलं असायचं. तो उठायचा, ग्लासखालचं जाड पुठ्ठ्याचं कोस्टर काढून ग्लासवर ठेवायचा आणि पळायचा.

"हे काय नवीन?" तिने पहिल्यांदा विचारलं होतं.

"इथली रीत आहे. कोस्टर वर असलं की माणूस परत येणार. ग्लास उचलायचा नाही, खुर्ची कुणाला द्यायची नाही."

"आणि नसलं तर?"

"तर तो गेला म्हणून समजायचं."

तो दर वेळी परत यायचा. हात ग्रीसने काळे, केस भिजलेले. ती त्या झाकलेल्या ग्लासकडे बघत बसायची, आणि तेवढ्या वेळात ती त्याच्या प्रेमात पडत गेली.

मग घरून स्थळ आलं. मुलगा बँकेतला, नाव ठेवायला जागा नाही. "संध्याकाळपर्यंत काय ते सांग," आई म्हणाली, "लोकांना ताटकळत किती ठेवायचं?" त्या रविवारी तिने काउंटरवर जाऊन ऑर्डर दिली. परत येऊन बसली आणि एका दमात सांगून टाकलं.

"आज होकार द्यायचाय मला. किंवा... नकार. तू सांग ना काहीतरी."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले. आणि फोन वाजला.

"लहान मूल अडकलंय—" एवढंच बोलून तो पळाला.

ती ग्लासकडे बघत राहिली. अर्धा भरलेला, आणि वर काहीच नाही. खालीही नाही. एकदाही न विसरणारा माणूस आजच विसरेल? कोस्टर न ठेवता जाणं, हेच त्याचं उत्तर होतं. तिने तो ग्लास स्वतः उचलून काउंटरवर नेला.

"अगं, तो येईल ना?" बारवाले काका म्हणाले.

"नाही यायचा."

रडत रडत तिने त्याचा नंबर ब्लॉक केला आणि आईला होकार कळवला.

लग्न तोंडावर आलं, तेव्हा होणारा नवरा तिला हौसेने जेवायला घेऊन आला... तो नेमका त्याच पबमध्ये. आणि रिकामं टेबल तेवढं तेच.

"बस तू, मी सांगून येतो," तो म्हणाला. ग्लास घेऊन परतला आणि टेबलाला हात लावून खूश झाला. "वा, पक्कं आहे की! बाकीची सगळी डुगडुगतायत." वाकून त्याने टेबलाच्या पायाखालचं काढलंच. "बघ, कुणीतरी कोस्टर घडी करून लावलंय."

एक कोपरा आत दुमडलेला होता.

ती उठली ती थेट काउंटरवर. काकांनीच ओळखलं.

"परत आला होता तो, पोरी. ग्लास कुठेय म्हणाला. तूच उचलून आणलास म्हटल्यावर डोक्यावर हात मारून घेतला. 'कोस्टर टेबलाखाली राहिलं हो! तिला काहीतरी मोठं बोलायचंय असं वाटत होतं, टेबल तरी हलू नये म्हणून ती ऑर्डर द्यायला गेली तेव्हा लावलं...' दुसऱ्या दिवशी तुझ्या लॅबवर गेला. तिथे कळलं, लग्न ठरलं. मग बदली मागून घेतली त्याने. कुठे, ते नाही सांगितलं."

ती टेबलाशी आली. घडीचं कोस्टर उलगडलं, स्वतःच्या भरल्या ग्लासवर ठेवलं आणि बाहेर पडली.

पावसात उभं राहून तिने त्याचा नंबर ब्लॉकमधून काढला. लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं एक बाई अगदी गोड आवाजात सांगत होती. तिने पुन्हा लावला. पुन्हा. रस्त्याने छत्र्या येत-जात होत्या, त्यांतली एकही त्याची नव्हती. वाटलं, असंच चालत सुटावं... पण कुठे? आणि आत ग्लासवर कोस्टर ठेवून आली होती ती.

ती परत गेली.

"इथला पोरगा ग्लास न्यायला आला होता," होणारा नवरा म्हणाला, "पण काकांनी अडवलं. म्हणाले, परत येणार आहे ती. केवढी भिजलीस! रडतेयस का?"

"पाऊस आहे तो," ती म्हणाली. "तुम्ही जेवा ना."

त्याने जेवण आणून ठेवलं होतं. त्याने सुरी लावली, तसं टेबल डुगडुगलं आणि मटार इकडेतिकडे घरंगळले.

"थांब, ते कोस्टर दे. परत लावतो खाली."

"नको," ग्लासवर तळहात ठेवत ती म्हणाली. "हलू दे. होईल सवय."