शुक्रवारी उमलणारा चेहरा

डॉ. गार्गी तेंडोलकरांच्या प्रयोगशाळेत पल्लवी मोहितेला दाखवली गेली ती एक पांढुरकी फळी, पुरुषभर उंच. रत्नागिरीच्या नव्या कलादालनाची प्रसिद्धी आणि व्यवस्था, दोन्ही पल्लवीकडे होती. आता कोरी फळी बघायला माणसं कुठून आणायची?

"कोरी नाही ती," गार्गी म्हणाली. "आत मी घडवलेलं सूक्ष्मशैवाल आहे. समोर माणूस उभा राहिला, की त्याच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड ते खातं आणि थोडं गडद होतं. या रंगाला मी श्वासरंग म्हणते. मंगळवारी उद्घाटन झालं, तर अकराव्या दिवशी, शुक्रवारी, फळीवर एक चेहरा पूर्ण उमलेल."

"आणि मग?"

"दिवसभर टिकेल. मग पोट भरलेलं शैवाल मरतं. पुन्हा पांढरं, कायमचं."

चेहरा गार्गीच्या आईचा होता, शेवटच्या दिवसाचा. आई गेली तेव्हा धाकटा भाऊ निहार समुद्राच्या तळाशी खाणकेंद्रावर होता. तिथल्या दाबातून माणसाला वर आणायला आठ दिवसांची दाबमुक्ती लागते. घाई केली तर रक्तात बुडबुडे होऊन जीव जातो. आई "निहार निघाला का?" असं विचारत हसली आणि गेली, आणि निहार तेव्हा त्या लोखंडी कोठडीत चौथ्या दिवसावर होता. ते हसू त्याने पाहिलंच नाही. पुढच्याच आठवड्यात, आठवण ताजी असताना, गार्गीने ते फळीत उतरवलं. पुन्हा जमणार नाही, हे तिला ठाऊक होतं. निहारची या खेपेची सुटी त्या शुक्रवारी सुरू होत होती. सगळा हिशेब त्या एका दिवसासाठी मांडलेला.

पल्लवी कामाला वाघीण. तिने फलक लावले: फोटो नाही, चित्रण नाही, या आणि श्वास द्या. मोबाइल दारातच जमा. झालं, अख्खं गाव लोटलं. अमक्याने श्वास दिला म्हणून तमक्याने द्यायचा, अशी चढाओढच लागली म्हणा ना.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी निहारने पाठवलेलं खोकं आलं. आत आईची पितळी समई, पाच वातींची, त्याने खाली जाताना सोबत नेलेली. चिठ्ठीत लिहिलं होतं, मी पोचेपर्यंत ही आईसमोर तेवती ठेवा. पल्लवीला भरून आलं. तिने समई फळीशेजारी ठेवली, नवरात्रातल्यासारख्या लांब वाती घातल्या, आणि तेल कमी पडू नये म्हणून वर अभिषेकपात्र टांगलं. थेंब थेंब तेल, दोन दिवसांची निश्चिंती. गार्गीला विचारावं असं तिच्या मनातही आलं नाही. समई लावायला कुणी परवानगी मागतं का? आणि गार्गीने रोज त्या समईला हात जोडले, तिलाही काही सुचलं नाही.

रविवारी गार्गी म्हणाली, रंग अंदाजापेक्षा पुढे गेलाय. पल्लवी मनातून सुखावलीच. प्रसिद्धी तिची होती. दोघींनी मिळून उरलेल्या दिवसांचे प्रवेश निम्मे केले. सोमवारी दालनाला सुटी. पंखे बंद, दारं बंद.

मंगळवारी सकाळी दार उघडलं तेव्हा फळी पांढरी होती.

गार्गीने फळीला बोट लावून पाहिलं. मग हवेचं मोजमाप घेतलं आणि समईकडे बघत खाली बसली. "पाच ज्योती म्हणजे दोन-अडीच माणसांचा श्वास," ती म्हणाली. "पंखे चालू असताना त्यांचा वायू निघून जायचा. काल जायला वाटच नव्हती. शैवालाला माणूस आणि दिवा वेगळे कळत नाहीत, पल्लवी. काल कधीतरी आई पूर्ण उमलली असणार, बंद दालनात."

पल्लवी ढसाढसा रडली. एकसुद्धा फोटो नव्हता. तशी तर तिची जाहिरातच होती. निहारला कळवून उपयोग नव्हता, तो कोठडीत पाचव्या दिवसावर होता. समई कपाटात ठेवताना गार्गीने एवढंच सांगितलं, की समईमुळे झालं हे त्याला कळता कामा नये. पल्लवी म्हणाली, गर्दी माझ्यामुळे झाली असं मी सांगते, माझ्यावर येऊ दे.

शुक्रवारी निहार थेट बंदरावरून आला. पल्लवीने पाठ केल्यासारखं सगळं सांगितलं: गर्दी, जाहिरात, माझी चूक. तो चिडला नाही, तेच वाईट. फळीसमोर उभा राहिला आणि पांढऱ्यावरून हळूच तळवा फिरवला.

"माझी समई?" त्याने विचारलं. "तेवत होती ना?"

"हो," पल्लवी म्हणाली. हे मात्र खरं होतं. "एक क्षणही विझली नाही."

"मग बरं झालं. मी नव्हतो, पण माझं काहीतरी शेवटपर्यंत तिच्यासमोर होतं."

गार्गीने खिडकीकडे तोंड फिरवलं. निहारने विचारलं, आता पुन्हा लावली तर चालेल का, घटकाभर. पल्लवीने गार्गीकडे पाहिलं.

"लाव," गार्गी म्हणाली. "आता चालेल."

पल्लवीने कपाटातून समई आणली आणि काडेपेटी त्याच्या हातात दिली.