सीलबंद बाटली

शेकोटीत अजून एक लाकूड टाका, आणि मधेच खिदळू नका. हे वेंडेल कॉम्ब्सच्या बाबतीत घडलं, आणि वेंडेल थापाड्या नव्हे. म्हणजे धंद्यात मारायचा थापा, पण ही नव्हे.

वेंडेल आपल्या केंटकीच्या डोंगरांत घरं शोधून द्यायचा. सरकारी हमीचं कर्ज, पदरचा डॉलर न घालता घर; फक्त घर सरकारी नकाशातल्या ग्रामीण भागात हवं आणि राहण्याजोगं हवं. लोरीन शाळेच्या स्वयंपाकघरात राबायची, पोरीला, जोसीला, घेऊन गळक्या ट्रेलरच्या घरात राहायची. तिच्यासाठी नऊ महिने वणवण केली, तेव्हा एकच घर सापडलं. रस्त्याच्या अलीकडचं. पलीकडची सगळी नकाशाबाहेर.

फॉर्मवर एक प्रश्न होता, आवारात जुनी उघडी विहीर आहे का? घरामागे छातीभर झुडपं. कोण मरायला जातंय तिथं! वेंडेलने ‘नाही’वर खूण केली.

उरली पाण्याची तपासणी. नमुना ताजाच लागतो आणि प्रयोगशाळा सकाळी उघडते. म्हणून चोवीस ऑक्टोबरला, मंगळवारी, रात्री पावणेनऊला तो रिकामी सीलबंद बाटली खिशात घालून निघाला. वाटेत लोरीनचा फोन.

“मिस्टर वेंडेल, जोसीने खोली पण ठरवली हो! मागची, झुडपांकडे खिडकी असलेली. मिळेल ना घर?”

“अगं बाई, तू पडद्यांचं कापड घे!”

त्या घराच्या स्वयंपाकघरात त्याने नळ सोडला. नळ नुसता फुसफुसला. मागच्या दाराशी बादलीची कडी वाजली. एक बाई उभी होती. झग्याची कड ओली. शेजारीण असेल, त्याला वाटलं.

“पाणी हवंय?”

“नळ रुसलाय, मावशी.”

“मागे विहीर आहे की.”

“इथं विहीर नाही,” तो सवयीने बोलून गेला. “कागदावर तसंच आहे.”

ती बघत राहिली. मग हळूच म्हणाली,

“मग मी कुठं आहे...?”

ती वळली. झुडपांत शिरली. एक पान हललं नाही...

तो तिच्यामागे गेला. का गेला, देव जाणे. टॉर्च. चार पावलं. पाचवं टाकलं... खाली जमीन नव्हती.

फांदीला धरून वाचला बिचारा. कुजक्या फळ्या. खाली काळोख. आणि वर, अगदी समोर, जोसीची खिडकी.

सकाळी त्याने फॉर्मवर ‘आहे’ लिहिलं. कर्ज अडलं. “नऊ महिने झुलवलंत, आणि आता घालवलंत माझं घर!” लोरीन रडत ओरडली. त्याने तिला विहिरीपाशी नेलं. तिने खिडकीकडे पाहिलं, खाली पाहिलं, आणि पोरीचा हात असा धरला की पोर कळवळली.

शेरीफचे पोलीस विहिरीत उतरले. काही सापडलं नाही. शेजाऱ्यांनी खडी ओतून विहीर बुजवली, नळ सुरू झाला, जानेवारीत कर्ज मंजूर झालं. लोरीन तिथंच राहते. जोसी मात्र पुढच्या खोलीत झोपते.

आणि ती बाटली? नळाला पाणीच नव्हतं, त्यामुळे वेंडेलने ती उघडलीच नव्हती. त्या रात्री घरी येऊन त्याने खिशातून काढली. सील जसंच्या तसं होतं.

आत पाणी होतं... गळ्यापर्यंत.