काळवंडलेले कोपरे

"माझा फोटो चोरलाय, आणि पाच वाजता त्याला बक्षीस मिळणार आहे!"

दारात वहिनी धापा टाकत उभी होती. सगळी ओळखीची मंडळी तिला वहिनीच म्हणत. भाऊने घड्याळ पाहिलं. सव्वातीन. बहिणीने शाळेतलं विज्ञान शिकवणं सोडून तपासाचा धंदा धरल्यापासून बिचाऱ्याची दुपारची झोप कायमचीच उडाली होती.

फोटो होता गिरणीच्या धुराड्यावर अडकलेल्या कामगाराच्या सुटकेचा. वहिनी आणि तिचा दीर शेजारी उभं राहून फोटो काढत होते. घरी आल्यावर वहिनीच्या कॅमेऱ्यातलं कार्ड गायब. आज तोच फोटो प्रदर्शनात, दिराच्या नावावर!

"लेन्स कोणती होती?" भाऊच्या बहिणीने, म्हणजे मास्तरीणबाईंनी, विचारलं.

"सासऱ्यांची जुनी. तिच्या आतली पाती उघडीच अडकलीत, अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारं भोक, बंद करून लहान होत नाही. म्हणून लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये मिटणाऱ्या पात्यांची जोडकडी, अ‍ॅडाप्टर, लावते."

वहिनीला तिच्या कॅमेऱ्यासकट घेऊन दोघं प्रदर्शनात पोचताच भाऊ फोटोपाशी धावला. मधे कामगार लखलखीत, पण चारही कोपरे काळवंडलेले.

"ही प्रिंटवाल्याची करामत!" तो कुजबुजला.

प्रिंटवाले काका उखडले. "मी रंगाचा कणही हलवला नाही. आलं तसं छापलं."

मग दीर आला, नव्या कोटात, गळ्यात कॅमेरा.

"फोटो माझाच. नवी लेन्स आहे माझी."

"पुढे काही लावलं होतंत? फिल्टर, हूड?"

"काही नाही."

"नंतर संगणकावर कोपरे गडद केले?"

"छे! अ‍ॅपर्चर बरंच बंद केलं होतं, म्हणून काळे आले."

बाईंचे डोळे चमकले. "भाऊ, परीक्षकांना बोलाव. पळ!"

भाऊ पळाला. पाचला दहा कमी असताना तो परीक्षकांना घेऊन परतला.

"आता दोन्ही कॅमेरे या पांढऱ्या भिंतीकडे," बाई म्हणाल्या. दिराच्या लेन्सचं अ‍ॅपर्चर त्यांनी बंद करत नेलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचे कोपरे मधल्या भागाच्या तुलनेत उलट उजळले!

"अ‍ॅपर्चर लेन्सच्या आत, योग्य जागी असलं की कोपऱ्यांकडे जाणारे किरणही त्याच्या मधूनच जातात. ते बंद केलं की सगळा फोटो सारखाच मंद होतो, कडांचा थोडा अंधारही जातो. आता वहिनीचा कॅमेरा."

अ‍ॅडाप्टरची पाती मिटत गेली, तसे कोपरे काजळत गेले. हुबेहूब भिंतीवरच्या फोटोसारखे.

"इथे पाती लेन्सच्या मागे. मधले किरण सरळ निघतात, कोपऱ्यांकडचे तिरपे. दार अरुंद झालं की कडेची माणसं चौकटीला अडतात, तसे ते अडतात. संगणक नाही, छपाई नाही, फिल्टर नाही. मग हा अंधार आला कुठून? या दोनपैकी एकाच कॅमेऱ्यातून, वहिनीच्या."

"आयला!" भाऊ ओरडलाच.

दिराने खिशातून कार्ड काढलं. ते वहिनीपुढे धरलं. "बाबांनी लेन्स तुलाच दिली, वहिनी. मला हातसुद्धा लावू दिला नाही कधी."

"मागितली असतीस तर मी दिली असती रे!"

व्यासपीठावरून वहिनीचं नाव पुकारलं गेलं. दीर मागच्या दाराकडे सरकला.

"ए, थांब!" वहिनी गर्दीतून ओरडली. "बक्षीस घेऊन येते. घरी बोलायचंय आपल्याला!"

आवाजात राग होता की माया, भाऊला कळेना. बहुधा दोन्ही.