मोरीपाशी उभी मोटर

बीडला माझं मोटरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. म्हणजे होतं. चाळीस वर्षं मी क्लच प्लेटा आणि बेअरिंगा विकल्या, आता मुलगा बघतो. मी दुकानात गेलो की तो खुर्ची देतो, चहा देतो आणि काम मात्र देत नाही. म्हणून मी जुने फोटो ओळखायला लागलो.

आमचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. लोक आजोबा-पणजोबांचे फोटो टाकतात आणि विचारतात, शिवलिंगअप्पा, ही गाडी कोणती, ही जागा कुठली? गाडीचं सोपं असतं. रेडिएटर, दिवे, मडगार्ड बघितलं की साल सांगता येतं. जागेसाठी माझी एक पद्धत आहे. घरं, झाडं, माणसं यांच्याकडे बघायचंच नाही, ती जातात. मागच्या डोंगराची वरची रेघ ट्रेसिंग पेपरवर उतरवून घ्यायची आणि तो कागद डोळ्यांसमोर धरून त्या मुलखात हिंडायचं. जिथे कागदावरची रेघ आणि आभाळातली रेघ एक होते, तिथे फोटोवाला उभा होता. सहा वर्षांत माझी एकही जागा चुकली नव्हती. घरातला चष्मा मला सापडत नाही आणि निजामाच्या काळातला मैलाचा दगड सापडतो, असं माझी बायको महादेवी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

मागच्या दिवाळीनंतर वडवणीहून वनमालाबाई आल्या. नवरा तानाजी जीप लावायला गेला होता. त्यांनी पिशवीतून एक ताजा, गुळगुळीत फोटो काढून माझ्या टेबलावर ठेवला.

"अप्पा, ही जागा आमाला पायजे. लई घाई हाय."

फोटोत एका दगडी मोरीपाशी मोटर उभी होती. रस्त्याखालून ओढ्याचं पाणी जावं म्हणून बांधतात तसली एका कमानीची मोरी. मोटर चार सिलिंडरची, कापडी टपाची, १९२९-३०ची अमेरिकन. नंबरपाटी चिखलानं माखलेली. बोनेटला टेकून एक तिशीचा माणूस, हातात इंजिन फिरवायचं हँडल, कानात बाळी. मागे चिंचेचं झाड आणि डोंगराची रेघ. आधी दातासारखा सुळका, मग खिंड, मग लांबच लांब सपाट माथा.

तो माणूस म्हणजे आश्रुबा, तानाजीच्या आईचे वडील. एका व्यापाऱ्याची सर्व्हिस मोटर, म्हणजे भाड्यानं उतारू नेणारी गाडी, चालवायचे. नवी मोटर म्हणून मालकानं एका सकाळी घाटाजवळच्या मोरीवर फोटो काढवला. फोटो झाल्यावर मालक आणि फोटोवाला ओढ्यावर भाकरी खायला बसले. परत येऊन बघतात तर बोनेट गरम, हँडल चाकाला टेकवलेलं आणि आश्रुबा नाही. महिनाभर शोधलं. मालकानं त्यांच्या बायकोला फोटोची काच आणून दिली, त्या काळी फोटो काचेवर निघायचे. ती धोतरात गुंडाळून ट्रंकेत पडली, ती आत्ता निघाली. सुरज म्हणून स्टुडिओवाला आहे, त्यानं तिच्यावरून कागदावर फोटो काढून दिला.

"आत्याबाई थकल्यात," वनमालाबाई सासूबद्दल म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, दिवाळी बघितली, संक्रांत सांगता येत न्हाई. त्यांचं एकच हाय. आबाला घरी आणा."

त्यांच्या घरची रीत अशी की माणूस बाहेरच नाहीसा झाला, तर जिथून गेला तिथला एक खडा आणायचा. तीनदा नाव घेऊन घरी चल म्हणायचं, मागे न बघता निघायचं. दहा दिवस खड्यापुढे ताट ठेवायचं, मग खडा नदीत सोडायचा. त्याशिवाय तो माणूस रस्त्यावरच राहतो. आमच्या समाजात पुरतात, खड्याचं आम्हाला काही ठाऊक नाही. पण जागा नेमकी पाहिजे म्हटल्यावर माझा उत्साह लपेना, हे कबूल करतो.

एक गोष्ट मला फोटोत खटकली होती. स्टिअरिंग डावीकडे होतं. आपल्याकडे गाड्या उजव्या स्टिअरिंगच्या. मी त्याचं उत्तर लगेच शोधून काढलं, मोटर थेट अमेरिकेतून मागवलेली असणार. ग्रुपवर त्यावर दोन पानं लिहिली. साठ जणांनी अंगठे दाखवले.

जागा चौथ्या दिवशी सापडली. बीडहून घाट चढून वर गेलं की मांजरसुंबा. तिथून आडवाटेनं डोंगराच्या वरच्या अंगाला गेलो, उत्तरेकडे तोंड करून कागद धरला. सुळका सुळक्यावर बसला, खिंड खिंडीवर. सकाळच्या सावल्यासुद्धा फोटोतल्यासारख्या डावीकडे पडल्या होत्या. समोर कमानीची मोरी होती. चिंच नव्हती, पण नव्वद वर्षांत चिंच पडू शकते. मी कागदाच्या कोपऱ्यात 'मांजरसुंबा, जागा पक्की' असं लिहिलं.

सटवा नावाचा म्हातारा तिथे शेळ्या चारत होता. त्याला फोटो दाखवला.

"ही मोरी न्हाई ती," तो म्हणाला. "हितं मोटर कदीच आली न्हाई. जुना रस्ता डोंगराच्या पल्याड, पालीच्या अंगानं हाय."

"मग ही मोरी कशाला बांधली?"

"बांदली खरी. रस्ता आलाच न्हाई." त्यानं माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. "आमी हितं शेळ्या बसवत न्हाई."

"कावून?" मी त्याच्याच भाषेत विचारलं.

"बसत न्हाईत."

मी त्याला रस्ते कसे बुजतात ते समजावून सांगितलं. तो ऐकून घेऊन निघून गेला.

त्याच संध्याकाळी वडवणीला जाऊन मी तानाजीच्या आईला, छबुबाईंना, ही बातमी दिली. तानाजीचं नवं स्लॅबचं घर, पुढे खताचं दुकान, मागच्या खोलीत लोखंडी खाटेवर ही म्हातारी. डोळ्यांत मोतीबिंदू, फोटो तिला नुसता पांढरा-काळा दिसत होता. तिनं माझा हात धरला आणि सोडला नाही. तिच्या उजव्या मनगटावर निळसर अक्षरं गोंदलेली होती, छबू.

"आबानं जत्रेत गोंदवलं," ती म्हणाली. "मी लई रडले. आबा म्हनला, हरवलीस तर वळकता यावं. आन् हरवला त्योच." मग म्हणाली, "लेकरा, तुजं भलं होईल."

मला भरून आलं. एवढं मोठं काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

दोन दिवसांनी आम्ही मोरीवर गेलो. तानाजी, वनमालाबाई आणि मी. सकाळचे अकरा वाजले असतील. ऊन चटचटत होतं. लांबून हायवेवरच्या ट्रकांचा आवाज येत होता, पण मोरीपाशी उतरलो तसा तो बंद झाला, डोंगर आड आला असेल. कमानीखाली ओल नव्हती तरी गार वाटत होतं. तानाजीनं कमानीच्या तोंडाशी पडलेला एक खडा उचलला आणि हाक मारली.

"आश्रुबा, घरी चल."

समोर डोंगर. हाक तिकडून परत यायला हवी. ती आमच्या पाठीमागून आली, जिथे नुसतं मोकळं माळरान होतं.

तानाजीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, चालू द्या. तिन्ही हाका तशाच आल्या. मी मनात वाऱ्याचा हिशेब मांडत राहिलो. वारा नव्हता.

तिसऱ्या दिवशी वनमालाबाईंचा फोन आला. आवाजात आनंद होता.

"आत्याबाई उठून बसल्यात. आबा आला म्हनतात. दारात बसलाय म्हनतात."

मी ती गोष्ट महादेवीला मोठ्या तोऱ्यात सांगितली.

सहाव्या दिवशी पुन्हा फोन. या वेळी आनंद नव्हता. "अप्पा, तुमी येऊन जाता का? ताटाचं काय ते बगा."

मी गेलो. छबुबाईंच्या खोलीत कोनाड्यात खडा होता, खाली ताट, त्यावर टोपली पालथी घातलेली. मांजर आत जाऊ नये म्हणून दाराला बाहेरून कडी लावून वनमालाबाई दुपारी तासभर झोपत. तानाजीच्या आणि माझ्यासमोर त्यांनी ताट वाढलं. मीठ वर मध्ये, ठेचा डावीकडे, वांग्याची भाजी उजवीकडे, खाली भाकरी. टोपली झाकली. आम्ही बाहेर चहा घेतला. छबुबाई खाटेवरच होती, तिला एकटीला उठून चार पावलं टाकता येत नव्हती.

अर्ध्या तासानं टोपली उचलली. एका घासाचीही घट नव्हती. ठेचा उजवीकडे होता. भाजी डावीकडे.

"रोज," वनमालाबाई म्हणाल्या.

छबुबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी जवळ बसलो. आवाज ओळखून ती हळूच बोलली, खोलीत कोणी ऐकत असल्यासारखी.

"अप्पा, ह्यो आबा न्हाई."

"दिसायला आबाच हाय," ती म्हणाली. "तसंच हसतो. पर आबाच्या उजव्या कानात बाळी व्हती. मी तिकडल्या खांद्यावर बसून तिला वडायचे. ह्याच्या डाव्या कानात हाय. मला घास देतो, त्यो डाव्या हातानं. मी म्हनलं, आबा, जेवायच्या हातानं दे. नुसता हसतो."

"घेतला का घास?"

"भूक लई लागतीया लेकरा," ती म्हणाली.

मी खिशातला फोटो काढला. बाळी डाव्या कानात. हँडल डाव्या हातात. स्टिअरिंग डावीकडे.

वनमालाबाईंकडे मी ती मूळ काच मागितली आणि खिडकीपाशी नेली. जुन्या काचेची एक बाजू चकचकीत असते, एक मंद. चकचकीत बाजू आपल्याकडे धरली की चित्र सुलट दिसतं. तशी धरली. बाळी उजव्या कानात गेली, हँडल उजव्या हातात, स्टिअरिंग उजवीकडे. स्टुडिओत काच पालथी पडली होती. सुरजनं काच पालथी घातली, पण स्टिअरिंग बघून अमेरिकेची गोष्ट रचणारा मी होतो.

ट्रेसिंग पेपर काढून उलटा केला. 'मांजरसुंबा, जागा पक्की' ही अक्षरं मागून उमटलेली, उजवीकडून डावीकडे, न वाचता येणारी. एकच डोंगर दोन अंगांनी बघितला की त्याची रेघ अशी उलटते. सटवा बरोबर बोलला होता. मोटर डोंगराच्या पल्याड उभी होती. आम्ही जिथे हाक मारली तिथे आश्रुबा कधी गेलाच नव्हता.

तिथे फोटोतला होता.

हे वाक्य माझ्या डोक्यात आलं तेव्हा मी ते झटकून टाकलं. मी बेअरिंगा विकलेला माणूस आहे. पण तानाजीला बाजूला घेऊन मी सगळं सांगितलं, माझी चूक म्हणून सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "मग खरा आणू. उद्याच."

दुसऱ्या दिवशी पालीच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी, दहा मिनिटांत जागा सापडली. सुलटी रेघ, कमानीची मोरी, फुटलेल्या डांबराचा जुना रस्ता. चिंच उभी होती. तिच्याखाली शेळ्या बसल्या होत्या.

तानाजीनं खडा उचलला आणि हाक मारली. हाक समोरच्या डोंगरावरून परत आली, जशी यावी तशी. तिसऱ्या हाकेनंतर त्यानं बाहीनं डोळे पुसले. मलाही रडू आलं, कारण या वेळी मला खात्री होती की कोणीतरी ऐकलं. त्यानं खडा माझ्या तळहातावर ठेवला, त्याला जीप चालवायची होती. खडा कोमट होता. वडवणीपर्यंत आम्ही मागे पाहिलं नाही.

घरापुढे चपला होत्या. बायकांच्या, शेजाऱ्यांच्या. आम्ही निघाल्यानंतर तासाभरात छबुबाई गेली होती.

तानाजी दारातच खाली बसला. मी मूठ आवळून उभा राहिलो. नव्वद वर्षं रस्त्यावर थांबलेला माणूस आम्ही घरी आणला होता आणि त्याची लेक घरात नव्हती.

कोनाडा रिकामा होता. पहिला खडा कोणी हलवला, कोणालाच माहीत नव्हतं. खाली ताट होतं, या वेळी स्वच्छ पुसून खाल्लेलं.

बायका तिला आंघोळ घालत होत्या. मध्येच वनमालाबाई ओल्या हातांनी बाहेर आल्या.

"अप्पा, आत्याबाईंचं गोंदन कोनत्या हातावर व्हतं?"

"उजव्या," मी म्हणालो.

त्या तशाच वळल्या. आत गेल्या आणि नऊवारीचा काठ बाजूला करून त्यांनी तो हात मला दाराच्या फटीतून दाखवला. उजवं मनगट कोरं होतं, एखाद्या लहान मुलीचं असावं तसं.

छबू डाव्या मनगटावर होतं. मला ते वाचायला वेळ लागला, कारण अक्षरं उजवीकडून डावीकडे होती.