समुद्रतळावरची गळती

हिंदी महासागराच्या तळावरच्या वसाहतीत आज मुख्य अभियंता यशवंत तुळपुळे यांचा सत्कार होता. शाल खांद्यावर पडली होती, नारळ हातात आला होता आणि भटारखान्यात शिरा शिजत होता. फक्त भाषण बाकी होतं. तेवढ्यात तरुण भूरसायनतज्ज्ञ हेमांगी कोलते त्यांना शेजारच्या प्रयोगशाळेत घेऊन गेली.

वसाहत एका विहिरीवर जगत होती. पृथ्वीच्या पोटातून वर आलेला प्रावरण-खडक समुद्राचं पाणी प्यायला की त्याची सर्पशिला होते आणि हायड्रोजन सुटतो. दिवे, हवा, शेगड्या, सगळं त्यावरच. पण हायड्रोजन अपेक्षेपेक्षा नेहमी थोडा कमीच भरे. तुळपुळ्यांची उमेदीची वर्षं महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात गेलेली; गळती म्हटली की त्यांचं डोकं फिरे. खडकाच्या भेगांत हायड्रोजन खाणाऱ्या जंतूंचा बुळबुळीत थर सापडला, तेव्हा त्यांनी नळाच्या पाण्यात सोडतात तसं क्लोरीन सोडलं. "निदान एक कुपीभर जिवंत राखू द्या," हेमांगीनं विनवलं होतं. "फुकट्यांना पोसायची आपली पद्धत नाही, बाई," म्हणून त्यांनी चारचौघांत तिचं म्हणणं हसण्यावारी नेलं. हायड्रोजन वाढला आणि सत्कार ठरला.

सूक्ष्मदर्शकाखाली तिनं विहिरीतल्या खडकाच्या पातळ चकत्यांच्या दोन काचा ठेवल्या. क्लोरीन सोडण्यापूर्वीच्या खडकात भेगा मोकळ्या होत्या. काल काढलेल्यात एकही नव्हती.

"भेगा गेल्या कुठे?"

"सर्पशिला होताना खडक फुगतो, सर. भिजवलेल्या पोह्यांसारखा. स्वतःच्या भेगा स्वतःच बुजवतो. मग पाणी आत जाणार कसं?"

"पण इतकी वर्षं तर बुजल्या नाहीत!"

हेमांगीनं जुनी काच पुन्हा त्यांच्यासमोर सरकवली. तुळपुळेच हळूच म्हणाले, "ते जंतू..."

"हो. त्यांच्या आम्लानं भेगांच्या भिंती विरघळायच्या. ते खायचे आणि वाट मोकळी ठेवायचे."

"मग परत सोडू की!"

"आणायचे कुठून? इतर वसाहतींच्या कुठल्याच विहिरीत ते सापडले नाहीत. आणि कुपी तर..."

तुळपुळ्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्याकडे मान वर करून बघवेना. सभागृहात त्यांच्या नावाचा पुकारा झाला.

ते ध्वनिक्षेपकासमोर उभे राहिले. वसाहत सोडावी लागेल आणि चूक माझी आहे, एवढंच सांगायचं होतं. पण तोंडातून शब्द फुटेना. लोकांना वाटलं, साहेब गहिवरले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

तो ओसरला तेव्हा आचारी दारात उभा होता.

"साहेब, शिरा कच्चाच राहिला. शेगडीला गॅस येत नाहीये."