गेरूनं राखलेलं

धुळ्याची पॅसेंजर डोळ्यांदेखत सुटली आणि वर, सत्त्याण्णवच्या त्या फेब्रुवारीत, काही कारण नसताना पाऊस आला. विशाखा चाळीसगाव स्टेशनाबाहेरच्या लाकडाच्या वखारीत आडोशाला शिरली. कापलेल्या सागाचा वास नाकात भरला... आणि तिला वाटलं, गाडी चुकली ते बरंच झालं.

"काय पाहिजे?" करवतीमागून एक जण म्हणाला. केसांत भुसा, ओठांत हसू.

"इंचभर जाडीच्या फळ्या," ती म्हणून गेली.

"खिडकी करायचीय?"

"आठ मजली इमारत."

तो हसला नाही. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात तिनं ही कल्पना ज्याला ज्याला सांगितली, तो तो हसला होता. सरांनी तर 'वाळवीला जेवण घालताय का?' असंच विचारलं होतं. यानं मात्र स्टूल झटकून पुढे केलं. "बसा. जिना कुठून काढणार?"

तेवढ्यावरच ती फसली, असं म्हणायला हरकत नाही.

त्याचं नाव भाईदास. आजोबांचंच ठेवलेलं. त्यामुळे पंचविशीतच अख्खं चाळीसगाव त्याला 'भाई' म्हणायचं. विशाखा मात्र 'अहो', 'ऐका ना', फार तर 'वखारवाले' म्हणायची. तो एक शब्द तिच्या जिभेवर यायचाच नाही. का, ते तिनं स्वतःलाही विचारलं नव्हतं.

कॉलेजातून परतताना ती वखारीत थांबू लागली. परदेशी मासिकात तिनं वाचलं होतं, की फळ्यांचा एक थर उभा, त्यावर एक आडवा, असे थर गोंदानं चिकटवत गेलं की अख्खी भिंत तयार होते. त्यावर मजल्यावर मजला चढवता येतो.

"पण आडवी फळी कशाला?" भाईदासनं विचारलं.

"एकटी फळी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात वाकते. दुसरी आडवी बसली की दोघी एकमेकींना धरून राहतात."

"म्हणजे सारखं आडवं जायचं... आणि तरी सोडायचं नाही?"

"तसंच."

"मग तुम्हाला जमेल," तो म्हणाला, आणि तिनं मूठभर भुसा त्याच्या अंगावर उडवला.

असेच थर चिकटवून ती नमुन्याचा एक तक्ता करणार होती, आणि शनिवारी कॉलेजात त्यावर वजन चढवून बघणार होते. मोडला, तर लाकूड सोडून प्रकल्पाला सिमेंटची पाण्याची टाकी करायची. आणि ज्या दूरच्या कॉलेजात तिला लाकडाच्या इमारतींवरच पुढे शिकायचं होतं, तिथे जाण्यासाठी सरांची शिफारसही विसरायची.

भाईदासनं चांगल्या फळ्या निवडून त्यांवर गेरूनं 'वि' काढला. वखारीचा कायदाच होता. गेरूचं अक्षर पडलं की माल राखलेला, दुसऱ्या गिऱ्हाइकानं हात लावायचा नाही. विशाखानं मात्र गोंद नीट धरावा म्हणून फळ्यांवरून छान रंधा फिरवला. गेरूही गेला. दोन दिवसांनी गोंद घेऊन आली, तर कोपरा रिकामा!

भाईदासचे वडील, तोताराम नाना, गोंधळूनच गेले. "गेरू नव्हता ना पोरी त्यावर! मी इकी टाकं बठ्ठं. साक्रीकडे गयं."

सगळ्या फळ्या विकल्या गेल्या होत्या. "माझ्याच हातानं पुसलं मी..." विशाखा म्हणाली.

भाईदास माळ्यावर चढला आणि जुन्या, मुरलेल्या सागाच्या फळ्या खाली देऊ लागला. प्रत्येकीवर गेरूचा 'भा'.

नाना उठलेच. "अरे, ते तुना लगीनना पलंगनं लाकूड शे!"

"माहीत शे, नाना. लगीन काय पळी जाई राह्यनं?"

संध्याकाळपर्यंत दोघांनी थर लावले. उभा, आडवा, परत उभा. थर दाबून धरणारा शिकंजा आवळताना हातावर हात पडला आणि कुणीच घाईनं काढून घेतला नाही. थर लावण्याआधी विशाखानं सगळे 'भा' रंध्यानं घासून टाकले होते, पण एक ठेवला. तिथे गोंद जरा कमी धरेल, हे तिला कळत होतं. तरीही ठेवला, अगदी आतल्या थरात.

शनिवारी वजन चढताना तक्ता एकदा करकरला. विशाखानं डोळे मिटले. पण तक्ता मोडला नाही. सर चष्मा पुसत म्हणाले, "वाळवी उपाशी राहणार म्हणायची."

ती तक्ता टेम्पोत घालून वखारीत आली. "तुमचा पलंग परत आणलाय."

"याचा आता पलंग व्हायचा नाही," भाईदासनं तक्त्यावर हात फिरवला. "शिफारस?"

"मिळाली. जूनमध्ये जाईन... दोन वर्षं."

"छान झालं." तो करवतीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "एक विचारू? सगळं गाव मला भाई म्हणतं. तुम्ही एकदाही नाही..."

"म्हणणारही नाही," विशाखा म्हणाली. "कधीच नाही. कळलं का?"

कळायला त्याला क्षणभर लागला. मग कान लाल झाले.

तिनं खिळ्यांच्या डब्यातला गेरूचा खडा उचलला आणि तक्त्यावर मोठा 'वि' काढला. "राखलेला माल किती दिवस ठेवता?"

"गिऱ्हाईक येईपर्यंत."

"मग ठेवा. मला तुम्ही फार आवडता, आणि मी परत येणार आहे."

तेवढ्यात नाना आत आले. एकदा हात पोळलेला, त्यामुळे लांबूनच विचारलं, "हाई कोनं शे? इकू का?"

"नको, नाना," भाईदास म्हणाला. "आपला घरनं शे."